‘सुटला’ म्हणणाऱ्यांस

मृत्यूच्या प्रसंगीं काय बोलावें याचे आमच्या समाजानें ठराविक सांचे करून ठेविले आहेत. नातवंडें-पतवंडें पाहिलेला म्हातारा गेला तर ‘सोनें झालें’ म्हणतात. घरचा कर्ता गेला तर ‘डोंगर कोसळला’ म्हणतात. तरुण मुलगा गेला तर मात्र कोणास शब्द सुचत नाहीं; लोक येतात, खालीं मान घालून घटकाभर बसतात आणि उठून जातात; आणि तेंच योग्य असतें. परंतु तो तरुण मुलगा अधू असला, कीं साऱ्यांना एकाएकीं कंठ फुटतो. सारे एकच शब्द बोलतात: ‘सुटला.’ आणि मग त्याच्या आईकडे वळून, ‘तुम्हीही सुटलांत.’

या एका शब्दाविरुद्ध आज आम्हांस लिहावयाचें आहे. शब्द बोलणारे दुष्ट नसतात, हें आम्ही जाणतों. बहुतेक वेळां ते शेजारी असतात, आप्त असतात, आणि त्यांचे डोळेही ओले असतात. तरीही तो शब्द खोटा आहे, आणि जो खोटा शब्द सांत्वनाच्या रूपानें येतो त्याचा प्रतिकार करणें अधिक अवघड असल्यामुळें तो अधिक आवश्यक होतो.

गेल्या आषाढांत नाशकांत आमचा एक विद्यार्थी वयाच्या चोविसाव्या वर्षीं वारला. घरच्यांच्या इच्छेप्रमाणें त्याचें नांव येथें देत नाहीं. स्नायू झिजवीत नेणारा एक आनुवंशिक रोग आहे. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. चालतें-बोलतें पोर लहानपणींच अडखळूं लागतें. दहा-बारा वर्षांचें होईतों त्याचे पाय राहतात, मग हात, आणि शेवटीं श्वासाचे व हृदयाचे स्नायू दुबळे होतात. एकोणिसाव्या शतकांत डूशेन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. तो मुळापासून बरा करणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. मात्र श्वासाला यंत्राचा आधार आणि नीट शुश्रूषा मिळाली तर आयुष्य पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढतें. आमच्या विद्यार्थ्याला तें चोवीस वर्षांचें मिळालें.

तो सोशिक, हंसतमुख, संतवृत्तीचा वगैरे होता असें आम्ही लिहिणार नाहीं, कारण तो तसा नव्हता. तो तापट होता. वाचावयास नेलेलीं पुस्तकें महिनोन्महिने परत करीत नसे. मिसळ झणझणीत नसली तर ती परत पाठवी, आणि क्रिकेटच्या सामन्यावर वाद घालूं लागला कीं समोरच्याचें वय पाहत नसे. वर्डस्वर्थवरील व्याख्यानांत आम्ही दर वर्षीं एकाच जागीं सद्गदित होतों, हें त्यानें आम्हांस तोंडावर सांगितलें, आणि तें खरें होतें. त्याच्या मित्रांना तो हवाहवासा वाटे. आज त्याची आठवण काढतांना त्यांना रडूं येतें, आणि मध्येंच त्याचें एखादें वाक्य आठवून हंसूं येतें. ज्याच्या जाण्यानें इतकीं माणसें पोरकीं झालीं, त्याच्याविषयीं अमरधामाच्या दारांत आम्हीं तो शब्द निदान दहा मुखांतून ऐकला.

पुढें त्याची शोकसभा झाली. तिची हकीकत सांगितल्याखेरीज आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं, आणि ती सांगतांना आम्हांस आमचाही दोष कबूल केला पाहिजे. सभा एका सार्वजनिक संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यांत भरली होती. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अशा इमारती महाराष्ट्रांत गांवोगांव आहेत. त्याच दिवाणखान्यांत दर महिन्यास साहित्याची बैठक भरते. तेथें जाण्याची आमच्या विद्यार्थ्यास फार हौस होती. आरंभीं दोन-तीन वेळां मित्रांनीं त्याला उचलून वर नेलें. पुढें त्याला तसें उचलणें धोक्याचें झालें. त्यानंतर तो जिन्याच्या तळाशीं, वाहनें लावतात तेथें, आपली चाकाची खुर्ची थांबवून बसे, आणि बैठक संपून मित्र खालीं आले कीं वर काय झालें तें त्यांच्याकडून ऐकून घेई. जिवंतपणीं जेथें तो पोहोंचूं शकला नाहीं, तेथें मृत्यूनंतर त्याची तसबीर हार घालून नेऊन ठेविली होती. वक्त्यामागून वक्ता उठला आणि ‘दिव्यांग असूनही त्यानें’ अशी सुरुवात करून बोलला. आम्हीही बोललों. ‘असूनही’ हा शब्द आमच्या भाषणांत दोन वेळां आला.

सभा संपल्यावर खालीं उतरलों, तों त्याची आई शेवटल्या पायरीपाशीं बसलेली दिसली.

“वहिनी, वर कां नाहीं आलांत?” आम्हीं विचारलें.

“सर, तो इथवरच यायचा,” त्या म्हणाल्या.

या उत्तरानंतर आम्हीं जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या विद्यार्थ्यानें एम. ए. नंतर एक दीर्घ निबंध लिहावयास घेतला होता. विषय नाशिकच्याच एका कवीचा होता: स्वातंत्र्यशाहीर गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर. त्यांचा जन्म १८७४ च्या फेब्रुवारींत झाला आणि मृत्यु १९२६ च्या फेब्रुवारींत. बालपणींच्या दुखण्यांत त्यांचे पाय कायमचे अधू झाले. शिक्षण झालें तें मराठी शाळेंतलें, तेंही थोडें. गांवांत त्यांना ‘आबा पांगळे’ म्हणत. हें नांव आज आमच्या कानांस बोचतें; ‘पांगळा’ हा शब्द सभ्य लेखनांतून आतां बाद झाला आहे, आणि कोणाची हेटाळणी करण्यासाठीं तो कोणी वापरूं नये हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या पोरांनीं आबांना या नांवानें ओळखलें त्यांनीं केलें काय, तें पाहा.

१ जानेवारी १९०० रोजीं नाशकांत मित्रमेळा स्थापन झाला. विनायकराव सावरकर त्या वेळीं सोळा वर्षांचे होते, आबा पंचविशींतले. तिळभांडेश्वराच्या बोळांत या तरुणांचा वावर असे, आणि त्यांच्या बैठका आबांच्या खोलींत भरत. इतिहासकारांना या गोष्टीचें विशेष वाटलेलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास मात्र तिच्यापुढें दुसरें कांहीं महत्त्वाचें वाटत नसे. ज्याला चालतां येत नाहीं त्याच्या खोलींत सभा भरवावयाची, म्हणजे सभासद होण्यासाठीं त्याला कोठेंही जावें लागत नाहीं. त्या पोरांजवळ पैसा नव्हता, कायद्याचें बळ नव्हतें, अपंगांच्या कल्याणाची कल्पनाही त्यांच्या गांवीं नसावी. त्यांना आबा हवे होते, म्हणून तीं आबांकडे जात. एवढा साधा उपाय त्यांना सुचला, आणि तो आमच्या पदवीधर मंडळींस पांच वर्षांत सुचला नाहीं.

एकदां आमच्या विद्यार्थ्यानें हें आम्हांस त्याच्या नेहमींच्या तिखट रीतीनें सांगितलें. “सर,” तो म्हणाला, “आबांना पांगळे म्हणायचे आणि त्यांच्याकडे जायचे. मला दिव्यांग म्हणतात आणि वर जातात.”

यावर कोणी म्हणेल, गोविंद प्रतिभावंत होते म्हणून तरुण मंडळी त्यांच्याकडे जमत. प्रत्येक अधू माणसाच्या अंगीं कांहीं प्रतिभा नसते. हा आक्षेप कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाहीं. मित्रमेळ्याचा सहवास जडला तेव्हां आबा लावण्या रचीत असत. ज्या पदांमुळें त्यांना स्वातंत्र्यशाहीर म्हणूं लागले तीं पदें त्यानंतरचीं. तीं मेळ्यांतून गाइलीं गेलीं आणि महाराष्ट्रभर पसरलीं. सहवास आधीं आला, कीर्ति मागून आली. आधीं योग्यता सिद्ध करा, मग तुम्हांस आमच्यांत बसवूं, असें जर त्या पोरांनीं म्हटलें असतें, तर तिळभांडेश्वराच्या बोळांत एक अज्ञात लावणीकार वारला असता, आणि लोक म्हणाले असते, ‘सुटला.’

त्या काळच्या इंग्रज सरकारनेंही आबांच्या पदांना दया दाखविली नाहीं. त्यांचीं पदें ज्या लहानशा पुस्तिकेंत छापलीं गेलीं ती, ‘लघु अभिनव भारत माला’, प्रसिद्ध केल्याबद्दल गणेशपंत तथा बाबाराव सावरकरांस जून १९०९ मध्यें जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि उच्च न्यायालयानें ती कायम केली. त्या पदांतील मार्गाविषयीं आज मतभेद असूं शकतील; आमचा मुद्दा निराळा आहे. मित्रांनीं आबांना प्रेमानें आणि शत्रूनें भयानें पूर्ण मनुष्य मानलें. ‘पांगळा असूनही बरें लिहितो’ असें ना मित्रांनीं म्हटलें, ना सरकारी वकिलानें.

बाबाराव १९२२ सालीं बंदिवासांतून सुटले. त्याला आम्ही सुटणें म्हणतों, कारण दार कोणीं लावलें होतें आणि कोणीं उघडलें हें आम्हांस सांगतां येतें. आमच्या विद्यार्थ्यास ‘सुटला’ म्हणणाऱ्यांनींही मग सांगावें, कीं तो कशापासून सुटला? दुखण्यापासून, असें ते म्हणतील. दुखणें त्याला होतें. रात्रीं कूस बदलण्यासाठीं आईस उठवावें लागे, आणि श्वासाच्या यंत्राचा त्याला वीट आला होता. परंतु दुखणें कर्करोगाच्या रोग्यासही असतें, आणि तो तरुणपणीं गेला तर आम्ही हळहळतों. आमचा विद्यार्थी ज्या ज्या गोष्टींनीं रोज बांधला गेला त्यांची यादी आम्हीं त्याच्या मित्रांना विचारून केली: बैठकीचा जिना, परीक्षेच्या केंद्राच्या पायऱ्या, ज्या बसमध्यें त्याची खुर्ची चढत नसे ती बस, ज्या शौचालयाच्या दारांतून ती आंत जात नसे तें दार, आणि लग्नकार्यांतले ते पाहुणे, जे त्याच्यासमक्ष त्याच्या आईस विचारीत, ‘याला कळतं का सगळं?’ या यादींत रोगाचा भाग किती आणि आमचा किती, हें वाचकांनींच ठरवावें. तो जर सुटला असेल, तर पुष्कळ अंशीं आमच्यापासून सुटला.

‘सुटला’ म्हणणाऱ्यांच्या हातीं एक प्रमाण आहे, आणि तें गोविंदांचेंच आहे. अखेरच्या आजारांत त्यांनीं ‘सुंदर मी होणार’ ही कविता लिहिली. तींत मृत्यूचें स्वागत आहे. जीर्ण देह टाकून नवा मिळणार याचा आनंद आहे. मग खुद्द कवीच जर मरणास सौंदर्याचें दार म्हणतो, तर शेजाऱ्यांनीं ‘सुटला’ म्हटल्यानें काय बिघडलें? आमचें उत्तर असें, कीं मरणाऱ्यानें आपल्या मरणाविषयीं काय म्हणावें हा त्याचा अधिकार आहे, आणि त्याच्याविषयीं तेंच म्हणण्याचा अधिकार त्यावरून दुसऱ्यास प्राप्त होत नाहीं. ही आस कांहीं पांगळ्यांचीच नाहीं. जुनें वस्त्र टाकून नवें घेण्याची कल्पना गीतेइतकी जुनी आहे, आणि धडधाकट म्हातारेही ती उराशीं बाळगून जातात. बावन्न वर्षें जगून, एका पिढीच्या ओठांवर आपलीं गाणीं ठेवून मग गोविंदांनीं हें म्हटलें. चोवीस वर्षांच्या मुलाच्या तिरडीपाशीं त्याचा दाखला देणें हें काव्याचें आणि मुलाचें दोघांचेंही मोल न जाणणें होय.

या कवितेचें पुढें जें झालें तेंही पाहण्यासारखें आहे. तिचें नांव पु. ल. देशपांडे यांनीं १९५८ सालीं आपल्या नाटकास दिलें. रूडॉल्फ बेझियरनें एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीवर लिहिलेल्या नाटकाचा त्याला आधार होता, आणि त्याची नायिका दीदीराजे पायांनीं अधू आहे. नाटक गोड आहे, आम्हांसही आवडतें. परंतु प्रेमाच्या बळावर नायिकेचे पाय उभे राहावयास लागतात, आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. आमच्या रंगभूमीस आणि चित्रपटास अशी संवयच जडली आहे, कीं अधू मनुष्य एक तर शेवटीं उभा राहिला पाहिजे, नाहीं तर मेला पाहिजे. तो अधूच राहिला, आणि तसाच भांडला, प्रेमांत पडला, परीक्षेंत नापास झाला, म्हातारा झाला, तर त्या गोष्टीचें काय करावें हें आम्हांस समजत नाहीं. संतांच्या भारुडांतही आंधळा, पांगुळ, बहिरा, मुका येतात. पण ते तुमच्या-आमच्या जीवाचीं रूपकें म्हणून. खऱ्या पांगळ्यास आमच्या वाङ्मयानें अजून पुरती जागा दिलेली नाहीं.

आमच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत जॉन्सननें लिहिलेलें पोपचें चरित्र होतें. पोपचा कणा लहानपणींच वांकलेला होता, आणि तो जन्मभर ठेंगणा व दुखणाईत राहिला. जॉन्सननें तें लपविलें नाहीं आणि त्यावर अश्रूही ढाळले नाहींत. पोपला कपडे कसे चढवावे लागत, तो कशामुळें चिडे, हें सारें त्यानें लिहिलें; आणि मग त्याच्या काव्याची अशी कठोर परीक्षा केली, जशी कोणाही कवीची करावी. तेथें एक बारीकसा तपशील आहे: इतरांच्या मेजाशीं त्याला बसतां यावें म्हणून त्याचें आसन उंच करावें लागे. हें वाचतांना आमचा विद्यार्थी मध्येंच म्हणाला, “म्हणजे जेवायला कुठं बसायचं हा प्रश्न मिटलेला होता, आणि खुर्ची किती उंच एवढंच राहिलं होतं.” चरित्र कसें लिहावें आणि माणसाला पंक्तीस कसें घ्यावें, हे दोन्ही धडे त्या एका तपशिलांत आहेत.

आतां आमच्या सुधारणांकडे वळूं. २०१५ च्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील भाषणांत ‘विकलांग’ ऐवजीं ‘दिव्यांग’ म्हणावें असें सुचविलें. पुढें तो शब्द सरकारी कागदांवर रूढ झाला, आणि महाराष्ट्र शासनानें २०२२ सालीं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. विभाग झाला हें चांगलेंच झालें. शब्दामागील हेतूही चांगला असेल. पण झिजलेल्या स्नायूंत दिव्य असें कांहीं नसतें. तें म्हणणें म्हणजे पाहणाऱ्यानें आपली अडचण आपल्यापुरती दूर करणें होय. शब्दापेक्षां त्याच सुमारास झालेला कायदा अधिक मोलाचा आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. त्यांत हा स्नायूंचा रोगही आहे. सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पांच वर्षांच्या आंत सर्वांस सुगम कराव्या, असें त्यानें बजावलें. नियम जून २०१७ मध्यें निघाले. मुदत जून २०२२ मध्यें संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देतांना सांगितलें, कीं सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीं, कांहीं किमान अटी बंधनकारक केल्या पाहिजेत. म्हणजे आठ वर्षांनंतरही कायदा जिन्याच्या तळाशींच उभा होता.

खर्चाची सबब सांगणारे भेटतात. थोड्या लोकांसाठीं एवढा खर्च कां, असें ते विचारतात. २०११ च्या जनगणनेंत भारतांत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांना ‘थोडे’ म्हणणें धाडसाचें आहे. शिवाय दर बारा वर्षांनीं सिंहस्थ आला कीं लाखों परक्या पावलांसाठीं घाट, रस्ते, पूल यांची तजवीज करणारें हें शहर आहे. यात्रेकरूंची सोय करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों, कीं ज्याला लाखोंच्या स्नानाची व्यवस्था जमते, त्याला एका मुलाच्या खुर्चीसाठीं उतार जमत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. आणि उतार होईपर्यंतही एक बिनखर्ची उपाय आहेच: बैठक खालीं आणावी. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, आणि तींत जुन्या खुर्च्या रचून ठेविल्या आहेत.

असो. दोष सर्वस्वीं दुसऱ्यांचा आहे असें दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही त्या संस्थेचे कित्येक वर्षांचे सभासद आहों. त्या बैठकींत आम्हीं अनेकदां अध्यक्षस्थान घेतलें आहे, आणि जिना चढतांना, खालीं बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर थोपटून, ‘काय रे, काय वाचतोस?’ असें विचारून, आम्ही वर गेलों आहों. एवढें केलें कीं आपण स्नेह दाखविला असें आम्हांस वाटे. सभा खालीं घ्या, हें तीन शब्दांचें वाक्य आम्हांस सुचलें नाहीं. तें सुचण्यास त्याच्या आईचें उत्तर ऐकावें लागलें.

आमच्या वाचकांपाशीं आमचें मागणें मोठें नाहीं. तुमच्या आळींत, नात्यांत असा एखादा मुलगा असेल. केव्हां तरी तुम्हांवर त्याच्या आईचें सांत्वन करण्याची वेळ येईल. त्या वेळीं शब्द सुचला नाहीं तर बोलूं नका. बोलावयाचेंच असेल तर त्याची एखादी आठवण सांगा, आणि ती सांगतां यावी म्हणून तो जिवंत असतांना त्याच्याकडे जा. आठवणी गोळा करावयास त्याच्या खोलींत बसावें लागतें. जिन्यावरून जातां-येतां त्या मिळत नाहींत.

येत्या आषाढांत आमच्या विद्यार्थ्यास जाऊन वर्ष होईल. गोविंदांवरील त्याचा निबंध अपुरा राहिला आहे. त्याचीं झालीं तेवढीं पानें त्या दिवशीं वाचावयाचीं असें त्याच्या मित्रांनीं ठरविलें आहे. त्यांत आमच्या कांहीं मतांवर टीका आहे, आणि ती गाळूं नये असें आम्हीं त्यांस सांगितलें आहे. सभा त्याच्या घरीं, पुढच्या खोलींत होईल. घर तळमजल्यावर आहे, आणि दारांत त्याच्या वडिलांनीं त्याच्या खुर्चीसाठीं बांधलेला उतार अजून तसाच आहे.